बसायची जागा

साल १९१७. वाईच्या घाटावर अजून पुरतं उजाडलेलं नाही. कृष्णेचं पाणी अंगावर घेतलंत, पंचा पिळलात आणि ओल्या पायऱ्या जपून चढत ढोल्या गणपतीच्या अंगावरून तुम्ही निघालात. आज प्रतिपदा नाही, अष्टमीही नाही. म्हणजे अनध्याय नाही. पाठ होणार.

नारायणशास्त्री मराठ्यांनी प्राज्ञ पाठशाळा सुरू करून वर्षच झालंय. बाक नाहीत, फळा नाही. गुरुजी आले की उठायचं, नमस्कार करायचा, ते बसले की बसायचं. मग पोथीचा रुमाल सोडायचा. दोन लाकडी फळ्यांमध्ये सुटी पानं. पान उलटायचं ते वरच्या अंगाला, सावकाश.

तुमची पाळी येते. रूपावली, समासचक्र, अमरकोश हे तोंडपाठ असणारच, त्याचं इथे कौतुक नाही. इथे पंक्ती लावायची. एकेक शब्द सोडवून, तो तिथे का आला हे सांगायचं. तुम्ही न्यायशास्त्रातलं नेहमीचं उदाहरण घेता: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. सोपं वाटतं. समोरून प्रश्न येतो, मग आग आहे म्हणून धूर असेलच ना? तुम्ही घाईने मान डोलावता आणि अडकता. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर कुठे असतो? धूर ओल्या सरपणामुळे होतो. कानाच्या पाळ्या गरम होतात. कोणी हसत नाही, कोणी छडीही उचलत नाही. पंक्ती पुन्हा पहिल्यापासून लावायची, एवढंच.

आणि उत्तर देण्याआधी पूर्वपक्ष मांडायचा. ज्याचं खंडन करायचं, त्याचं म्हणणं त्याच्याहूनही भक्कम करून सांगायचं. ते पातळ करून मांडलंत तर तुमचं उत्तर कितीही बरोबर असो, फुकट. या शिक्षणाला सरसकट घोकंपट्टी म्हणतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. पाठांतर हा नुसता उंबरा होता.

या पाठशाळेत धुळ्याकडच्या पिंपळनेरहून आलेला सोळा वर्षांचा लक्ष्मण जोशी आहे. पुढे तो तर्कतीर्थ होईल. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन आलेला विनायक भावे आहे, उद्याचे विनोबा. उपनिषदं, शांकरभाष्य यांत दिवस घालवून तो वाचनालयासाठी जात्यावर दळणही दळतो. गुरूसमोर असं मांडी घालून बसायला मिळणं केवढं भाग्य, असं तुमच्या मनात येतं.

येतं, आणि तिथेच टोचतं. कारण संस्कृतकडे जाणारी वाट या काळात मोजक्याच घरांतून निघते.

म्हणून साताऱ्याकडे चला. पस्तीसेक किलोमीटर, आणि सतरा वर्षं मागे. ७ नोव्हेंबर १९००. जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी शाळेत नऊ वर्षांच्या एका मुलाचं नाव आज दाखल होतंय: भिवा रामजी आंबेडकर, इंग्रजी पहिली, रजिस्टरमध्ये क्रमांक १९१४.

पुढचे काही दिवस तुम्ही त्याच्या वर्गात बसा. शिक्षक सांगतात, मुलं ऐकतात; शिस्त वाईसारखीच. फक्त तो कोपऱ्यात, एकटा, गोणपाटाच्या तुकड्यावर. तहान लागली की बाकीची मुलं नळ सोडून पाणी पितात. त्याला नळाला हात लावायची मुभा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. तुम्ही उठून नळ सोडायला जाता आणि ध्यानात येतं की या काळात तुम्हाला हातच नाहीत, नुसते डोळे आहेत.

पुढे मुंबईच्या शाळेत त्याला संस्कृत शिकायचं असेल. ते मिळणार नाही. फारसी घ्यावी लागेल. आणि वाईतला तो लक्ष्मण मोठा होऊन अस्पृश्यतेच्या विरोधात शास्त्रातूनच आधार काढून देईल. पूर्वपक्ष नीट ऐकायला तो शिकला होता. पण ज्याच्याविषयी हा वाद व्हायचा, तो मुलगा त्या पोथीसमोर बसलाच नाही.

शाळा सुटते. मुलं दप्तरं उचलून पळतात. भिवा कोपऱ्यात मागे राहतो. झाडलोट करणारा नोकर त्या गोणपाटाला शिवणार नाही, म्हणून भिवाच वाकून त्याची घडी घालतो, काखेत मारतो आणि घरी निघतो. उद्या सकाळी ते परत आणायचं आहे.