हैदराबाद प्रश्न आणि आंतरराष्ट्रीय कायद्याची आशियाई दृष्टी

अंबाजोगाई, तत्कालीन मोमिनाबाद, निजामी अमलात होते. येथील योगेश्वरी शाळेत अध्यापन केलेल्या स्वामी रामानंद तीर्थांनी पुढे मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. या लढ्याची सुरक्षा परिषदेतील बाजू मात्र आपल्याकडील अभ्यासात बरीचशी उपेक्षित राहिली.

निजाम सरकारने २१ ऑगस्ट १९४८ रोजी परिषदेकडे तक्रार केली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये ती विचारात घेतली गेली, तेव्हा पोलीस कारवाई सुरू होऊन तीन दिवस झाले होते. हैदराबाद हे सार्वभौम राज्यच नाही, अशी भूमिका भारताचे प्रतिनिधी रामस्वामी मुदलियार यांनी मांडली. ब्रिटिश सत्ता सर्वोपरी असल्याचे लॉर्ड रीडिंग यांनी निजामास १९२६ मध्येच बजावले होते. म्हणजे नवस्वतंत्र राष्ट्राच्या युक्तिवादास आधार मिळाला तो साम्राज्याच्याच सिद्धान्ताचा. शिवाय दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा प्रश्न ही त्या देशाची अंतर्गत बाब होय, हा दावा भारताने १९४६ मध्ये फेटाळला होता. दोन वर्षांनी तोच मुद्दा भारताच्या कामी आला. ही विसंगती झाकण्याचे कारण नाही. परंतु राज्याचे स्वरूप शासकावरून ठरवावे की प्रजेच्या इच्छेवरून, हा मराठवाड्यातील सत्याग्रहींचा प्रश्न दोन्ही वेळी एकच होता, असे म्हणता येते. निजामाने २२ सप्टेंबरला तक्रार मागे घेतली. हैदराबादच्या दर्जाविषयी परिषदेने निर्णय दिलाच नाही.