परंतु ती नातवाची लेक

‘परंतु ती नातवाची लेक’ एवढ्या चार शब्दांत तीन अक्षरांचा एक शब्द दडलेला आहे. तो शोधून काढावयाचा. नुसते वाचले तर कुणीतरी कुणाची समजूत घालीत आहे असे वाटते, आणि लग्नघरातला एखादा रुसवा डोळ्यांसमोर उभा राहतो. पण कूटप्रश्नाचे वाक्य बोलते एक आणि सांगते दुसरेच. ‘परंतु’ म्हणजे ‘पण’. त्याला ‘ती’ जोडली की ‘पणती’ झाली. आणि नातवाची लेक ती पणतीच. उत्तर हाती आले की चारही शब्दांचा हिशेब लागतो. एकही शिल्लक राहत नाही, एकही बाहेरून उसना आणावा लागत नाही. अंगणात तेवणारी पणती या वाक्यात कुठेच नाही, तरी उत्तर सापडताक्षणी तीही मनात उजळून जाते, ही आणखी वरकड प्राप्ती.

कोडे सोडविणे आणि ते उकलून दाखविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सोडविणारा कधी अंदाजाने, कधी नशिबानेही उत्तरापर्यंत पोहोचतो. उकल करणाऱ्याला मात्र प्रत्येक शब्दाची झडती द्यावी लागते. जे कोडे अशा झडतीला उतरते तेच खरे कोडे, बाकीची सोडत. हा भेद आपल्याकडे फार जुना आहे. आणि गंमत अशी की तो एकदा थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही जाऊन आला आहे.

आपल्या पूर्वजांना या खेळाचा भारी शौक. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत ‘प्रहेलिका’ आहे, आणि तिच्या शेजारीच ‘प्रतिमाला’, म्हणजे आपल्या भेंड्या. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आणि त्यांचे उपयोगही दिले: मित्रमंडळींतला विनोद, चारचौघांत गुप्त बोलणे आणि दुसऱ्याला चकविणे. भामहाला मात्र हा प्रकार फारसा रुचला नव्हता. शास्त्राप्रमाणे टीका लावल्याखेरीज जे समजत नाही असले काव्य म्हणजे शहाण्यांचा उत्सव आणि बिचाऱ्या मंदबुद्धींचा घात, असे त्याचे म्हणणे. व्यासांनी महाभारतात ८,८०० कूटश्लोक घातले, ते लिहून घेताना गणपतीलाही क्षणभर थांबावे लागले आणि तेवढ्यात व्यासांनी पुढचे श्लोक रचले, ही कथा तर घरोघरची.

पण उकलीचा सर्वांत सुंदर नमुना मला काव्यात नव्हे, गणितात सापडतो. भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष आकड्यांत लिहिले नाही. ते चार शब्दांत ठेवले: रस, गुण, पूर्ण आणि मही. रस सहा, कारण गोड-आंबट-खारट अशी षड्रसांची मोजदाद. गुण तीन: सत्त्व, रज, तम. पूर्ण म्हणजे शून्य. मही, म्हणजे पृथ्वी, एकच. सहा, तीन, शून्य, एक. आता हे उजवीकडून डावीकडे वाचावयाचे, कारण अंकांची चाल उलटी असा संकेत. झाले शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. या रीतीने आकडा वृत्तात बसतो, आणि नकलनविसाच्या हातून तो बिघडण्याची भीतीही कमी होते. एक आकडा चुकून दुसरा लिहिला गेला तर कुणाच्या ध्यानात येत नाही. शब्द बदलला तर वृत्त मोडते आणि कान लगेच टवकारतात.

इथे एखादा चिकित्सक वाचक विचारील की रस नऊ का धरू नयेत? शृंगार, वीर, करुण वगैरे काव्यातले रस तर नऊच आहेत! शंका रास्त आहे. तसे धरले तर आचार्यांचा जन्म तीन वर्षे पुढे जाईल. पण संख्याशब्दांचा संकेत ठरलेला आहे आणि त्यात रस सहाच. कूटाला दोन वाटा असू शकतात, परंतु त्यांतली कोणती खरी हे आधी ठरलेल्या नियमाने सांगता आले पाहिजे, रचणाऱ्याच्या लहरीने नव्हे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख असे सांगतो की आचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापिला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. ग्रंथ लिहिणाऱ्यांचे गोडवे आपण गातो. ते समजावून सांगण्यासाठी मठ काढणाऱ्या नातवाची आठवण क्वचितच होते.

कूट आणि सांकेतिक लिपी यांची मात्र गल्लत करू नये. महानुभावांनी सकळ लिपी वापरली ती आपले ग्रंथ परक्याच्या नजरेस पडू नयेत म्हणून. अक्षराच्या जागी अक्षर बदललेले, किल्ली असेल त्याने वाचावे. लिपी दार लावून घेते. कोडे दार किलकिले ठेवून आत बोलाविते. संकेताचा एक अलीकडचा मासला आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे. पनवेल तालुक्यातला न्हावा आणि उरण तालुक्यातला शेवा ही दोन गावे सांधून ‘न्हावा शेवा’ हे नाव झाले. २६ मे १९८९ रोजी तिथले बंदर सुरू झाले तेव्हा त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव दिले गेले. पण जगभरच्या जहाजांच्या कागदांवर त्याची खूण आहे ‘आय-एन-एन-एस-ए’. पहिली दोन अक्षरे भारताची, उरलेली तीन न्हावा शेव्याची. बंदरासाठी शेव्याचा कोळीवाडा उठला. गाव गेले आणि त्याचे आद्याक्षर कागदात राहिले. हा संकेत आहे. त्यात ओळखण्याची मौज नाही. तीच मौज शेजारच्या उरणाला अशी आणता येईल: ‘उन्हाच्या आरंभी लढाई, खाडीकाठी मीठ पिकविणारे गाव’. उन्हाचा आरंभ ‘उ’, लढाई ‘रण’. पुढचे सांगावयास नको.

आडव्या-उभ्या चौकोनांचे शब्दकोडे मात्र परदेशचे. लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या पुरवणीत पहिले कोडे छापले. त्यातले प्रश्न सरळ होते. त्यांत वळसे घातले ते इंग्रजांनी. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये एडवर्ड पॉवीस मॅथर्स हे कूटप्रश्न घालू लागले आणि त्यांनी टोपणनाव घेतले ‘टॉर्केमादा’, स्पेनमधल्या कुप्रसिद्ध धर्मन्यायाधीशाचे! वाचकांचा छळ करण्याचा बेत नावातच जाहीर. पुढे ‘झिमेनेस’ या टोपणनावाच्या मॅकनट यांनी या छळालाही कायदेकानू घातले: प्रश्नाच्या एका भागात अर्थ, दुसऱ्यात शब्दाची जडणघडण, आणि तिसरे काहीही नाही. वाचकाला खुशाल चकवावे, पण फसवू नये.

मराठीत हा खेळ आणताना एक अडचण येते. इंग्रजीत सुटी अक्षरे विसकटून नवा शब्द करणे हा हुकमी डाव आहे. आमच्या चौकोनात काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खे अक्षर बसते, आणि काना काही एकटा उठून शेजारच्या घरी जात नाही. त्यामुळे ‘चिखलातले फूल विसकटले, लेखणी झाली’ (कमळाचे संस्कृत नाव ‘कमल’ घ्या, उत्तर ‘कलम’) असली उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शब्द उलटा करणे मात्र सोपे: ‘नदी उलटी वाहिली, गरीब झाली’, उत्तर ‘दीन’. आणि एका शब्दाचे अनेक अर्थ ही तर आमची पिढीजात मिरास. तेच कलम कायद्यात असते, बागेत बांधतात आणि दौतीत बुडवितात. ‘उखाणा’ हा शब्दच पाहा. मूळचा त्याचा अर्थ कोडे. आता नवऱ्याचे नाव घेण्यापुरता तो उरला आहे. ते नावही पूर्वी आडवळणानेच घ्यावयाचे असल्यामुळे नाते अगदीच तुटलेले नाही.

आता त्या खटल्याकडे वळू. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडे बक्षिसांच्या शब्दकोड्यांना ऊत आला होता. मुंबई सरकारने १९४८ साली सोडती आणि बक्षीस-स्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला, आणि १९५२ च्या दुरुस्तीने तो राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांतील स्पर्धांनाही लावला. आर. एम. डी. चामरबागवाला यांची स्पर्धा बंगळूरच्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकातून चाले. त्याचा मुंबई राज्यात मोठा खप होता, आणि प्रवेशपत्रिका व फी गोळा करण्यासाठी ठिकाणेही होती. त्यांनी हा कर न्यायालयात आव्हानिला आणि मुंबई उच्च न्यायालयात ते जिंकले.

असल्या कोड्यांतली मेख कशी असते, हे मी रचलेल्या एका नमुन्यावरून सांगतो. ‘कष्ट करणाऱ्याला हे मिळालेच पाहिजे.’ दोन चौकोन. दुसऱ्यात ‘ळ’ छापलेला. फळ की बळ? दोन्ही चालतात. कितीही विद्वान बसविले तरी यांतले एक खरे आणि दुसरे खोटे असे कुणीही सिद्ध करू शकणार नाही. उत्तर एकच, स्पर्धा भरविणाऱ्याने मनात धरले ते. असे दहा प्रश्न असले म्हणजे सर्व शक्यता होतात १,०२४. एका पत्रिकेला चार आणे धरले तर खात्रीने जिंकण्यासाठी २५६ रुपये हवेत, तेही त्या काळातले! ज्याच्या खिशात पाच रुपये आहेत त्याने वीस पत्रिका भरावयाच्या आणि उरलेल्या १,००४ शक्यता देवावर सोडावयाच्या. शिवाय हरल्यावर त्याला वाटणार, आपली अक्कल कमी पडली. मटक्यात पैसे गेले तर माणूस नशिबाला बोल लावतो. इथे त्याच्या बुद्धीचाही अपमान होतो, आणि म्हणून तो पुढच्या आठवड्यात पुन्हा पेन्सिल घेऊन बसतो. मला त्यातला हा भाग पैशाच्या नुकसानीहून क्रूर वाटतो.

संसदेने १९५५ साली बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला: महिन्याला हजार रुपयांहून अधिक बक्षीस नाही, दोन हजारांहून अधिक प्रवेशपत्रिका नाहीत. तोही न्यायालयात गेला. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी दोन्ही निकाल दिले. त्यांत आपले सातारचे प्र. बा. गजेंद्रगडकरही होते. मुंबईच्या खटल्याच्या निकालात सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या विलापापासून मनूपर्यंत सारे साक्षीला बोलाविले आणि जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापारच नव्हे असे ठरविले. दुसऱ्या निकालात न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी याहून नाजूक रेघ ओढली. ज्या कोड्यातले यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते त्याला १९५५ चा कायदा लागूच नाही. लागू आहे तो ज्यात तसे नाही त्याला. चौकोन तेच, पेन्सिल तीच, ‘आडवे’ आणि ‘उभे’ हे मथळेही तेच; तरी एक कोडे मोकळे सुटले आणि दुसरे जुगारात गणले गेले.

कौशल्य की नशीब ही कसोटी पुढे पत्त्यांपर्यंत गेली. १९६७ साली रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे असे त्याच न्यायालयाने म्हटले, आणि त्यानंतर कित्येक खटल्यांत वकिलांनी १९५७ चे ते शब्दकोडे पुन्हा पुन्हा उघडून न्यायाधीशांपुढे ठेवले.

आपल्या वर्तमानपत्रांत शब्दकोडी आजही येतात, बहुतेक फीवाचून. दुसऱ्या दिवशी उत्तरेही छापतात. उत्तर तेच का, हे मात्र सहसा छापीत नाहीत. जागा नसते म्हणावे, तर ‘पणती’ची सारी उकल दीड ओळीत होते. या दिवाळीत फराळ आटोपल्यावर घरातल्या पोरांना एक घाला: ‘वेल उलटली, ठेका सापडला’. दोन अक्षरे. उत्तर आले तरी लाडू लगेच देऊ नका. आधी कसे आले ते विचारा.