अशोकाच्या यादीतले पक्षी आणि कुहीचे अभयारण्य

बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख वाचकांपुढे ठेवला आहे. प्रश्न गोहत्येचा होता. अशोकाने गाय मारण्यावर बंदी घातली होती काय? बाबासाहेबांनी लेखातली यादी तपासली आणि सांगितले की तशी बंदी त्यात नाही. आपल्या चळवळीत हा लेख तेव्हापासून गायीच्या वादापुरताच वाचला जातो. मात्र त्या यादीत गाय नसली तरी दुसरे बरेच काही आहे, आणि यादीची सुरुवातच पक्ष्यांनी होते.

राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी काढलेला हा आदेश आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, पांढरे कबूतर, गावात राहणारे कबूतर हे सगळे अवध्य. अरुण, नंदीमुख, गेलाट अशी आणखी काही नावे आहेत. ती नेमकी कोणत्या पक्ष्यांची यावर विद्वानांचे एकमत नाही. पुढे वटवाघूळ, कासव, साळिंदर येतात. जे चारपाये प्राणी उपयोगाचेही नाहीत आणि खाल्लेही जात नाहीत, ते सगळे मारायचे नाहीत असेही त्यात आहे. म्हणजे पोटासाठी मारणे आणि उगाच मारणे यांत हा राजा फरक करतो. आज राष्ट्रीय पक्षी म्हणून मिरवणारा मोर (त्याला हा मान १९६३ साली मिळाला) या यादीत नाही, हेही लक्षात ठेवा. मोराची गोष्ट वेगळ्या लेखात आहे, तिच्याकडे येऊच.

जाता जाता एक नोंद. अशोकाच्या लेखात जो 'चकवाक' आहे, त्याच पक्ष्याला आजची पुस्तके 'ब्राह्मणी बदक' म्हणतात. घारही ब्राह्मणी, मैनाही ब्राह्मणी. इंग्रज पक्षीनिरीक्षकांनी 'ब्राह्मिनी' हे विशेषण लावले आणि आपल्या लोकांनी ते आनंदाने मराठीत उतरवून घेतले. पाखरांनाही जात चिकटवली गेली ती अशी. हिवाळ्यात हा केशरी अंगाचा पाहुणा विदर्भातल्या तलावांवर आणि नदीपात्रांत उतरतो, तेव्हा त्याला चक्रवाक म्हणावे. ते नाव निदान बावीसशे वर्षे जुने आहे.

हा सगळा इतिहास उत्तरेतला, त्याचा कुहीशी काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध आहे. कुही तालुक्यात अडम येथे उत्खननात मातीचा तट आणि खंदक असलेले प्राचीन नगर सापडले; अस्सक जनपदाचे नाव असलेली मुद्राही तिथलीच. वैनगंगेकाठी पवनी. तिथल्या जगन्नाथ टेकडीखाली १९६९-७० च्या उत्खननात ४० मीटरहून अधिक व्यासाचा स्तूप मिळाला आणि ब्राह्मीत कोरलेली दात्यांची नावे मिळाली. मुचलिंद नागाचे शिल्पही तिथेच निघाले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांचा आणि या भूमीचा जो संबंध सांगितला, तो पवनीला दगडात दिसतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे देवटेक. नागपूरहून नागभीडकडे जाणारी जुनी छोटी रेल्वे कुही, उमरेड, भिवापूर करत जायची. त्याच दिशेला, नागभीड तालुक्यात देवटेक आहे. तिथे एक शिळा मिळाली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तिच्यावरचा जुना ब्राह्मी लेख वाचला आणि तो अशोकाच्या धर्ममहामात्राचा असल्याचे मत मांडले. लेख तुटक आहे, पण विषय कळतो: प्राणी पकडणे आणि मारणे यांना मनाई. पुढे त्याच शिळेवर वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याने आपल्या धर्मस्थानाचा लेख कोरला. दगड एकच, पहिला आदेश जिवांना अभय देणारा, दुसरा राजाच्या देवस्थानाचा. विदर्भाच्या इतिहासात पुढे काय काय घडले याची कल्पना या एका दगडावरून यावी.

म्हणजे आपल्या भागात वन्यजीव संरक्षणाचा लेखी इतिहास वनखात्यापासून सुरू होत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून नाही आणि इंग्रजांपासूनही नाही. तरी केवळ 'आमचे आधी' असे म्हणून थांबण्यात मला रस नाही. पहिले कोण या वादापेक्षा संरक्षणाचा भार कोणावर टाकला गेला, हे पाहायला हवे.

अशोकाने तो आधी स्वतःवर घेतला. पहिल्या शिलालेखात तो सांगतो की पूर्वी राजाच्या स्वयंपाकघरासाठी रोज लाखो प्राणी मारले जात. आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही. आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. आठव्या शिलालेखात राजांच्या विहारयात्रा, म्हणजे शिकारीच्या सहली, बंद होऊन धम्मयात्रा सुरू झाल्याचे येते. आधी राजाचे ताट, मग राजाची शिकार, आणि बऱ्याच वर्षांनी प्रजेसाठी यादी. हा क्रम महत्त्वाचा आहे.

पाचव्या स्तंभलेखातला आणखी एक शब्द मला फार मोलाचा वाटतो: केवटभोग. ठरावीक उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत, विकू नयेत, आणि हत्तींच्या वनात व केवटभोगात इतर जीवही मारू नयेत, असा नियम आहे. केवट म्हणजे मासेमार, भोग म्हणजे त्यांच्या वहिवाटीचे क्षेत्र. त्या पाण्याला राजा केवटांच्या नावाने ओळखतो. काही दिवस जाळे टाकू नका म्हणतो, पण पाणी त्यांच्याकडून काढून घेत नाही. जंगल विनाकारण किंवा हिंसेसाठी पेटवू नये, जीव असलेला भुसा जाळू नये, असेही तो सांगतो. आणि लेख संपतो कुठे? या २६ वर्षांत २५ वेळा कैदी सोडले, या वाक्यावर. पाखरांना अभय देणारा आदेश माणसांच्या सुटकेवर संपतो.

अशोकाला देव करायचे कारण नाही. तेराव्या शिलालेखात तो अटवीतल्या, म्हणजे जंगलातल्या लोकांना आपल्या सामर्थ्याची आठवण करून देतो, ती धमकीच आहे. राज्यसत्ता आणि रानातला माणूस यांचा ताण तेव्हाही होता. पण नंतरच्या कायद्यांशी ताडून पाहिले की फरक कळतो.

इंग्रजांनी १८८७ साली रानपाखरांच्या रक्षणाचा पहिला कायदा केला. तो नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीपुरता आणि विणीच्या हंगामापुरता होता. युरोपातल्या बायकांच्या टोप्यांसाठी इथल्या बगळ्यांची पिसे जहाजे भरून जात होती. ती निर्यात १९०२ साली बंद झाली. १९१२ च्या कायद्यात बदके, तितर, लावे, मोर, बगळे, निळकंठ अशांची यादी आली आणि त्यांच्यासाठी शिकारबंदीचा काळ ठरवण्याची सोय झाली. त्या काळाबाहेर परवाना आणि बंदूक असलेल्या साहेबाला रान मोकळे होते. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या मंडळींनी एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तो आकडा तिथे दगडावर अभिमानाने कोरलेला आहे. देवटेकची शिळा आणि भरतपूरची शिळा शेजारी ठेवून वाचाव्यात.

याच काळात फासे लावून तितर-लावे धरणाऱ्या पारध्याचे काय झाले? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे देशभर लागू झाला आणि पारध्याचा जन्मच गुन्हा ठरला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, संशय रद्द झाला नाही. पैसेवाल्याची परवान्यावरची शिकार मात्र १९७२ च्या कायद्यातही काही प्रमाणात शिल्लक होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. इथे बंदी खालून वर चढत गेली, राजाचे ताट सगळ्यात शेवटी आले.

भरतपूरचीच पुढची गोष्ट सांगतो, कारण कुहीत ती उपयोगी पडेल. तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८२ साली गावकऱ्यांच्या म्हशींना चराई बंद झाली. विरोध झाला, पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसे मेली. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसले की म्हशी गेल्यावर गवत माजले, उथळ पाणी गवताने भरले आणि पाणपक्ष्यांचेच नुकसान झाले. ज्यांना पक्ष्यांचे शत्रू ठरवून हाकलले, त्यांच्या म्हशी पक्ष्यांची जागा साफ ठेवत होत्या.

आता कुही. तालुक्याच्या अंगावर दोन मोठे प्रकल्प बसले. पहिला गोसेखुर्द. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी भूमिपूजन केले आणि पुढे वैनगंगेचे पाणी आंभोऱ्याच्या संगमापर्यंत चढले. गावे उठली. भूसंपादन झाले ते १८९४ च्या कायद्याच्या चौकटीत. म्हणजे मोबदला ज्याचे नाव सातबाऱ्यावर त्याला. दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाणारी बौद्ध बाई, नदीत जाळे टाकणारा ढिवर यांचे नाव सातबाऱ्यावर कधी होते? दुसरा प्रकल्प उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, सुमारे १८९ चौरस किलोमीटर, गेल्या दशकाच्या सुरुवातीचे. कुहीकडून त्याचे गोठणगावचे फाटक. २०१६ साली इथून 'जय' वाघ नाहीसा झाला तेव्हा साऱ्या देशाला दुःख झाले. त्याच्या आधी याच पट्ट्यातून नाहीशी झालेली गावे कोणी मोजली नाहीत.

वाघाच्या गर्दीत पक्षी कोणी पाहत नाही, ते बरेच आहे म्हणा. कोरड्या पानझडी रानात निळकंठ, राखी धनेश, मोरघार, सर्पगरुड असतात. पावसाळ्यात नवरंग येतो. धरणाच्या फुगवट्याच्या काठावर पाणकावळे, बगळे, उघड्या चोचीचे करकोचे दिसतात. पण हे पक्षी अभयारण्याची हद्द वाचत नाहीत. करकोच्याला गोगलगाय लागते ती धानाच्या बांधीत, बोडीत. गोंदिया जिल्ह्यातला सारस तर शेतकऱ्याच्या धानातच घरटे करतो. सारस तिथे टिकला तो शेतकऱ्याने त्याचे घरटे राखले म्हणून. वनखात्याचे कुंपण त्याच्याभोवती नव्हते.

देवदत्ताने बाण मारलेल्या पक्ष्याची गोष्ट बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये घेतली आहे. पक्षी कोणाचा, यावर वाद होतो. लवाद निर्णय देतो तो सिद्धार्थाच्या बाजूने. पक्षी जखमी करणाऱ्याचा नाही, सांभाळणाऱ्याचा. आपण ती करुणेची गोष्ट म्हणून मुलांना सांगतो. ती मालकीच्या निवाड्याची गोष्टही आहे.

त्या निवाड्याला आज कायद्याचा आधार आहे. वनाधिकार कायदा, २००६ अभयारण्यालाही लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये पाण्यातल्या मासळीवर आणि चराईवर सामूहिक हक्क आहे, म्हणजेच केवटभोग. जंगल राखण्याचा हक्कही त्यातच आहे. कलम ५ वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने २०१२ साली सामूहिक हक्क मिळवला आणि तेंदूपत्ता तोडणेच बंद केले, कारण त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि रान पेटवले जाते. तेंदूची फळे माणसांना आणि पाखरांना राहतात. माधव गाडगीळांनी हे लिहिले आहे. विनाकारण रान जाळू नका, हा अशोकाचा नियम पाचगावच्या ग्रामसभेने हुकमाशिवाय स्वतः केला.

आपली अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. बौद्ध, ढिवर, भटके हे या कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतात, आणि त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. ज्यांना मालगुजाराच्या कागदावर कधी जागाच नव्हती, त्यांनी कागद आणायचा कुठून? जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या परिषदेने अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी सरकारी पडीक जमीन मागितली होती, ती याच कागदहीन अवस्थेतून. मात्र नियमांत एक वाट आहे: गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. कुही तालुक्यातल्या ज्या म्हाताऱ्यांना धरणाआधीची वैनगंगा, डोहांची नावे आणि कुठल्या डोहावर कोणते पाखरू उतरायचे हे आठवते, त्यांचे जबाब ग्रामसभेने याच वर्षी लिहून घ्यावेत.