हॅम रेडिओ म्हणजे काय? मोबाइल ठप्प झाला तरी बोलणारं घरचं स्टेशन

टेबलावर ट्रान्सिव्हर, १२ व्होल्टची बॅटरी आणि गच्चीवर ताणलेली तारेची अँटेना. झालं हॅम स्टेशन! ७ मेगाहर्ट्झच्या लहरी आयनांबरावरून परतून रात्री हजारो किलोमीटर जातात. मध्ये टॉवर नको, इंटरनेट नको. कुणी गप्पा मारतं, कुणी मोर्स कोड वाजवतं, कुणी दूरदेशींची क्यूएसएल कार्डं जमवतं.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या गटाने छंद म्हणूनच पोर्ट ब्लेअरला स्टेशन लावलं होतं. त्सुनामीनंतर फोन बंद पडले, तेव्हा तिथूनच अडकलेल्यांची खबर नातेवाइकांपर्यंत पोहोचली.

तुम्हालाही करायचंय? आधी परीक्षा आणि केंद्र सरकारचा परवाना. मग मिळतो ‘व्हीयू’ने सुरू होणारा तुमचा कॉल साइन. परवान्याशिवाय प्रक्षेपण हा गुन्हा आहे.