मेकॅट्रॉनिक्स : जोडकामाचे शास्त्र

थंडीत दुचाकी सुरू होईना, की गॅरेजवाला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव वळसा फिरवायचा, इंजिनाच्या आवाजाकडे कान लावायचा आणि पुन्हा किंचित मागे घ्यायचा. हे दृश्य आता शहरांतून दुर्मीळ होत चालले आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ ही उत्सर्जन मानके लागू झाली आणि बहुतेक सर्व नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेल्या इंधन इंजेक्शन यंत्रणेत गॅरेजवाल्याच्या कानाचे काम सेन्सर करतात. इंजिनाचे तापमान, थ्रॉटल किती उघडले आहे, क्रँकशाफ्ट नेमका कोठे आहे आणि धुरात प्राणवायू किती उरला आहे, याची माहिती एका लहानशा संगणकाला सतत मिळत राहते आणि तो इंधनाची मात्रा ठरवतो. हे काम यंत्र अभियंत्याचे की इलेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्याचे, या प्रश्नाला आता अर्थ उरलेला नाही.

या सरमिसळीला ‘मेकॅट्रॉनिक्स’ असे नाव आहे. जपानमधील यास्कावा इलेक्ट्रिक या विद्युत मोटरी बनविणाऱ्या कंपनीतील अभियंते तेत्सुरो मोरी यांनी १९६९ मध्ये ‘मेकॅनिझम’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक्स’ हे दोन शब्द जोडून तो घडविला. कंपनीने त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणीही केली होती. पुढे तो हक्क सोडून दिल्यामुळे शब्द सर्वांचा झाला. १९७१ मध्ये इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला. तोही मुळात बुसिकॉम या जपानी कंपनीच्या गणनयंत्रासाठी तयार झाला होता. शब्द आणि त्याला अर्थ देणारी वस्तू अशी जवळजवळ एकाच वेळी अवतरली.

मेकॅट्रॉनिक्स म्हणजे यंत्राला इलेक्ट्रॉनिक्सचे ठिगळ लावणे, हा गैरसमज मात्र विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो. जुन्या स्वयंचलित कपडे धुण्याच्या यंत्रातील टायमर आठवावा. त्यात एक लहान मोटर दातेरी चकत्या सावकाश फिरवत असे. चकतीवरील उंचवटा आला की पाणी सुरू, खळगा आला की बंद. धुण्याचा सारा क्रम त्या चकतीच्या आकारात कोरलेला होता. क्रम बदलायचा तर चकती बदलणे भाग. आज तोच क्रम मायक्रोकंट्रोलरच्या स्मृतीत असतो आणि पाण्याची पातळी किंवा ड्रमचा तोल पाहून तो वेळोवेळी बदलता येतो. धातूमध्ये असलेली गुंतागुंत आज्ञावलीत गेली, साहजिकच धातूचा भाग सोपा झाला. कोणती गोष्ट धातूत ठेवायची, कोणती तारांत आणि कोणती आज्ञावलीत, हा निर्णय आरंभीच आणि एकत्र घेणे हे या शास्त्राचे मर्म होय.

आपल्याकडील विद्यापीठांच्या यंत्र अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत या विषयाला स्थान मिळाले, त्यालाही आता बराच काळ लोटला आहे. परंतु तो शिकविला जातो तो बहुधा प्रकरणांच्या क्रमाने. आधी सेन्सरांचे वर्गीकरण, मग मोटरींचे प्रकार, मग पीएलसी, शेवटी नियंत्रणाचे गणित. प्रत्येक प्रकरणावर प्रश्न येतो, विद्यार्थी आकृती काढून गुण मिळवतो. दोन प्रकरणांच्या मधल्या जागेवर मात्र प्रश्न येत नाही. आणि यंत्र बिघडते ते नेमके त्या मधल्या जागेत. म्हणूनच प्राथमिक नमुना, अर्थात प्रोटोटाइप, स्वतःच्या हाताने बनविल्याखेरीज हा विषय कळत नाही.

रेषेवरची गाडी

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी बहुधा सर्वप्रथम बनवतात ती रेषेवरून चालणारी गाडी. पांढऱ्या पृष्ठभागावर काळी पट्टी, गाडीच्या पुढच्या बाजूस पट्टीच्या दोन अंगांना अवरक्त प्रकाशाचे दोन सेन्सर, गिअर असलेल्या दोन मोटरी आणि एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड. पांढरा पृष्ठभाग प्रकाश परत पाठवतो, काळा गिळून टाकतो. उजव्या सेन्सरला काळे दिसले, तर पट्टी उजवीकडे वळली असे समजून उजवीकडे वळायचे. आज्ञावली वीस-पंचवीस ओळींची. संगणकाच्या पडद्यावरील सिम्युलेटरमध्ये ती पहिल्याच प्रयत्नात चालतेही.

जमिनीवर ठेवल्यावर गाडी हिसका देते, थांबते, पुन्हा हिसका देते. विद्यार्थी तासन् तास आज्ञावलीतील चूक शोधत बसतात. दोष तेथे नसतो. थांबलेली मोटर सुरू होताना चालू मोटरीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. त्या क्षणी बॅटरीचा दाब कोसळतो, त्याच बॅटरीवर असलेला मायक्रोकंट्रोलर बंद पडून नव्याने सुरू होतो आणि पहिली आज्ञा पुन्हा देतो ती मोटर सुरू करण्याची. हे चक्र अखंड चालते. मोटरीला आणि बोर्डाला वेगळा वीजपुरवठा दिला की गाडी शहाण्यासारखी वागू लागते. अर्थात दोन्ही पुरवठ्यांची ग्राउंडची तार एकत्र जोडली असेल तरच. ती तार विसरणे ही तर प्रत्येक वर्गात ठरलेलीच चूक आहे.

मग गाडी चालते, पण रेंगाळते. दोष गिअरला दिला जातो. वस्तुतः मोटर चालविण्यासाठी हमखास वापरली जाणारी एल-२९३-डी ही आयसी पूर्ण भारावर स्वतःच दोन-अडीच व्होल्ट खाऊन टाकते. सहा व्होल्टच्या बॅटरीतून मोटरीच्या वाट्याला येतात जेमतेम साडेतीन. हा आकडा उत्पादकाच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. माहितीपत्रक वाचण्याची सवय अशा रखडलेल्या गाडीपाशीच लागते.

सेन्सरची उंची हा आणखी बारकाव्याचा भाग. टीसीआरटी-५००० हा स्वस्त आणि लोकप्रिय सेन्सर पृष्ठभागापासून सुमारे अडीच मिलिमीटरवर सर्वांत स्पष्ट पाहतो; पंधरा मिलिमीटरपलीकडे त्याचा भरवसा धरता येत नाही. ही उंची ठरते पुढच्या बाजूला बसविलेल्या लहान चाकावरून. म्हणजे चाक निवडणारा विद्यार्थी नकळत विद्युत मंडलाचाही निर्णय घेत असतो. त्यात गटातील चाकाचे काम एकाकडे आणि सेन्सरचे दुसऱ्याकडे असेल, तर पाच मिलिमीटरची ही गोष्ट जोडणीच्या दिवशी उघडकीस येते.

वसतिगृहात रात्री बिनचूक धावलेली गाडी दुसऱ्या दिवशी खिडकीजवळ भरकटते, कारण सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण मुबलक असतात. पुठ्ठ्याचा आडोसा हा एक उपाय. सेन्सरचा दिवा क्षणभर बंद ठेवून नुसता आसपासचा प्रकाश मोजायचा आणि पुढच्या मोजमापातून तो वजा करायचा, हा दुसरा. पहिला उपाय पुठ्ठ्याचा, दुसरा आज्ञावलीचा; दोन्ही योग्य. निवड कशाच्या आधारे करायची, हे मात्र एकाच शाखेची पुस्तके वाचून समजत नाही.

सर्वांत फसवी चूक आज्ञावलीचीच असते, पण ती आज्ञावली वाचून दिसत नाही. गाडी का चुकते हे पाहण्यासाठी विद्यार्थी सेन्सरचे आकडे संगणकाच्या पडद्यावर छापू लागतात. ९६०० बॉड या नेहमीच्या वेगाने एक अक्षर पाठवायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. वीस अक्षरांची ओळ म्हणजे वीस मिलिसेकंद. बोर्डाची तात्पुरती साठवण भरली की प्रत्येक फेरीत गाडी तेवढा वेळ आंधळी होते. सेकंदाला अर्धा मीटर वेग असेल, तर या काळात ती एक सेंटिमीटर पुढे गेलेली असते, आणि पट्टीची रुंदी असते दोन सेंटिमीटरच्या आसपास. रोग शोधण्यासाठी केलेली तपासणीच रोग वाढवते. संदेश छापणे बंद केले की गाडी सुधारते.

येथून पुढे नियंत्रणाचे गणित सुरू होते. नुसते डावे-उजवे करणारी गाडी पट्टीवर नागमोडी डुलत राहते. चूक जेवढी, तेवढीच दुरुस्ती. चूक वाढत असेल तर आधीच सावधगिरी. आणि बराच काळ एकाच बाजूला राहिलेल्या चुकीचा हिशेब, हे तीन घटक एकत्र केले की पीआयडी नियंत्रण तयार होते. निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ मध्ये त्याची गणिती मांडणी केली ती जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूसाठी. फळ्यावर कोरडे वाटणारे हे समीकरण डुलणारी गाडी पाहिलेल्या विद्यार्थ्याला फार समजावून सांगावे लागत नाही.

साधने स्वस्त झाली

अशा प्रयोगांना पूर्वी विशेष प्रयोगशाळा लागे. २००५ मध्ये इटलीतील इव्रिया येथील एका डिझाइन संस्थेत आर्डुइनो हा बोर्ड जन्माला आला. तो अभियंत्यांसाठी नव्हे, तर इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी बनविलेला होता, हे विशेष. त्याचा आराखडा खुला असल्यामुळे त्याच्या स्वस्त आवृत्त्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत सहज मिळू लागल्या. त्रिमितीय छपाईचेही तसेच झाले. वितळलेल्या प्लास्टिकचे थर रचणाऱ्या पद्धतीचे मूळ पेटंट २००९ मध्ये संपले आणि छपाईयंत्रे महाविद्यालयांच्या आवाक्यात आली. या छपाईत भोके मूळ मापापेक्षा किंचित लहान येतात. तीन मिलिमीटरच्या स्क्रूसाठी तीन मिलिमीटरचेच भोक आखणाऱ्याला हातात कानस घ्यावी लागते.

साधनांच्या या लाटेशी महाराष्ट्राचे एक जुने नाते आहे, आणि ते शहरातले नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत प्रा. नील गेर्शेनफेल्ड यांनी १९९८ मध्ये ‘जवळजवळ काहीही कसे बनवावे’ या अर्थाच्या नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून ‘फॅब लॅब’ची कल्पना पुढे आली. संस्थेबाहेरील अगदी आरंभीची अशी प्रयोगशाळा २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमात उभी राहिली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या या आश्रमात हाताने काम करीत शिकणे हीच मूळ पद्धत होती. त्यामुळे नव्या यंत्रांना तेथे वेगळी ओळख करून द्यावी लागली नाही.

स्पर्धांनीही हातभार लावला. मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेत १९७० च्या दशकात वुडी फ्लॉवर्स यांनी यंत्ररचनेचा वर्ग स्पर्धेत बदलला. प्रत्येक विद्यार्थ्याला सुट्या वस्तूंचा सारखाच संच मिळे आणि सत्राअखेर यंत्रांची झुंज होई. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची रोबोकॉन स्पर्धा २००२ पासून सुरू आहे. २००८ मध्ये ती पुण्यात झाली, तेव्हा विषय होता गोविंदा आणि दहीहंडी. मुंबईच्या आयआयटीचा ‘ई-यंत्र’ हा उपक्रम महाविद्यालयांत रोबोटिक्सच्या प्रयोगशाळा उभारण्यास मदत करतो आणि स्पर्धाही घेतो. तथापि, स्पर्धेच्या चमूत मोजकेच विद्यार्थी असतात. उरलेल्या वर्गाचे काय, हा प्रश्न राहतोच.

विकतचा प्रकल्प

त्या उरलेल्या वर्गासाठी बाजाराने आपली सोय केली आहे. अंतिम वर्षाचा प्रकल्प अहवालासह तयार मिळतो. चालणारे यंत्र, छापील अहवाल, तोंडी परीक्षेच्या संभाव्य प्रश्नांची उत्तरेदेखील. सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. परीक्षेच्या दिवशी यंत्र चालले की गुण, बंद पडले की फजिती, अशी पद्धत असेल तर न चालण्याचा धोका कोण पत्करील? दोन महिने रखडून वीजपुरवठ्याचा दोष शोधणाऱ्या गटाची मेहनत अहवालाच्या कोणत्याच पानावर दिसत नाही.

यावर एक साधा उपाय आहे. प्रत्येक गटाने तारीखवार नोंदवही ठेवायची. काय बिघडले, कशाचा संशय घेतला, काय मोजले, काय निघाले, एवढेच लिहायचे. आणि गुणांचा मोठा वाटा त्या वहीला द्यायचा. विकत घेतलेल्या यंत्राबरोबर अशी वही सहसा येत नाही, आणि आली तरी परीक्षकाच्या दोन प्रश्नांत उघडी पडते. गाडी हिसका देत असताना बॅटरीचा दाब किती होता, हे ज्याने मल्टिमीटर लावून पाहिले आहे, त्याला ते पाठ करावे लागत नाही. पहिल्या नमुन्यासाठी वेळ किती ठेवावा, हे मात्र विद्यार्थी नेहमी कमी धरतात. सुटे भाग आणणे आणि जोडणे यांत सत्र सरते, चाचणीला आठवडा उरतो. दोन मोटरी, दोन सेन्सर आणि पुठ्ठ्याचा सांगाडा घेऊन पहिल्याच पंधरवड्यात काहीतरी जमिनीवर चालविले, तर बिघडायला पुरेसे दिवस मिळतात.