खुब्याची कळ आणि वऱ्हाडचे रक्त

यवतमाळ जिल्ह्यातल्या सडकांवर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटरची चाचणी द्यायची असते. एखाद्याच्या जांघेत कळ आली की निदान तयारच असते : शीर ताणली. तेल चोळायचे आणि पुन्हा पळायचे. खुब्याच्या तपासणीचा इतिहास धुंडाळू लागल्यापासून मला या निदानाची धास्ती वाटते.

या तपासणीच्या जुन्या पद्धती खेळाडूंसाठी जन्मल्याच नाहीत. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस हा हाडवैद्याचा मुलगा. १८७० च्या दशकात त्याने रोग्याला उताणे निजवून चांगल्या पायाचा गुडघा छातीशी दाबायची रीत सांगितली. कमरेचा बाक मोडतो आणि दुखरी मांडी आपोआप वर उचलली गेली, तर खुबा आखडलेला. जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्गने १८९५ मध्ये रोग्याला एका पायावर उभे केले. दुसऱ्या बाजूची कंबर खाली कलली, तर टेकलेल्या पायाच्या खुब्याचे स्नायू दुबळे. या दोघांसमोर होती ती खुबा रोगाने आखडलेली किंवा जन्मतः निखळलेली माणसे. मांडी काटकोनात दुमडून आत वळवण्याची, आज खेळाडूंवर सर्रास होणारी तपासणी फार पुढची.

आता रक्ताकडे वळू. सिकलसेलचे पहिले वर्णन शिकागोच्या हेरिकने १९१० मध्ये केले. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीत आढळला आणि १९५८ मध्ये मध्य भारतातील नोंद 'लॅन्सेट'मध्ये आली. विदर्भातल्या आदिवासी आणि इतर अनेक समाजांत तो आहे. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्या तुंबवतात. मांडीच्या हाडाच्या गोलाला मुळात रक्तपुरवठा बेताचाच. तो तुटला की हाड मरते. धोका मुख्यतः आजार असलेल्यांना, नुसत्या वाहकांना फारच कमी.

हे दुखणे जांघेत उठते, कधी नुसते गुडघ्यात. मांडी आत वळेनाशी होते. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. एमआरआयमध्ये दोष आधी कळतो. वेळीच ओळखले तर भार कमी करून गोल वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. एकदा तो खचला की ऐन तारुण्यात कृत्रिम खुब्याची वेळ येते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : ज्या धावपटूची कळ विश्रांतीनेही हटत नाही, त्याची मांडी आत वळवून पाहावी आणि घरात कुणाला सिकलसेल आहे का, हे विचारावे. पहिल्या गोष्टीला यंत्र लागत नाही, दुसरीला पैसे लागत नाहीत. रक्ताची तपासणी त्यानंतर लगेच करावी, आणि तोवर त्याला पळवू नये.