थेंब पळतो, थेंब फुटतो



आंबोळ्या घालण्याआधी तवा तापला का, हे आपण पाण्याचा शिपका मारून बघतो. तवा कमी तापला असेल तर पाणी चुर्र करून आटतं. कडकडीत तापला असेल तर थेंब मोत्यासारखे गोल होऊन पळतात. जास्त आचेवर थेंब जास्त टिकतो, हे नवलच की!

जर्मनीतल्या डुइसबुर्गच्या योहान लायडनफ्रॉस्ट या डॉक्टरांनी १७५६ साली हे नवल पुस्तकात लिहून ठेवलं. लालबुंद लोखंडी पळीत त्यांनी टाकलेला पहिला थेंब ३० सेकंदांहून जास्त टिकला. पळी निवत गेली, तसे पुढचे थेंब लवकर आटले. आज आपल्याला कारण माहीत आहे. थेंबाखाली वाफेची पातळ गादी तयार होते आणि ती आच अडवते.

१९३४ साली जपानच्या शिरो नुकियामा यांनी पाण्यात बुडवलेली बारीक तार विजेने तापवली आणि किती आचेला पाणी कसं उकळतं, याचं मोजमाप केलं.

पुढे १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवला. आता आच क्षणाच्याही कोट्यवधीव्या भागात देता येऊ लागली. इतक्या घाईत पाण्याला सावकाश बुडबुडे धरायला वेळच मिळत नाही. वाफेची गादी होण्याआधीच तळाचा थर एकदम फुटतो आणि वरचं पाणी उडवून लावतो.

१९९० नंतर कॅलिफोर्नियातल्या आयबीएम कंपनीच्या संशोधकांनी हाच स्फोट कामाला लावला. कॉम्प्युटरच्या भागांवर चिकटलेले धुळीचे कण ब्रशनेही निघत नाहीत. त्यांनी त्यावर पाण्याचा अगदी पातळ थर धरला आणि लेझर मारला. पाणी फुटलं, कण घेऊन गेलं.

आपल्या कढईतही पाणी असंच फुटतं. तापलेल्या तेलात पाणी पडलं की ते तळाशी जातं, एकदम वाफ होतं आणि पाण्याच्या हजारपटीहून जास्त जागा मागतं. मग तेल अंगावर उडतं. म्हणून तळणीचं काम करणाऱ्या गटांनी झारा, हात, भांडी कोरडी ठेवावीत. तेलाने पेट घेतलाच तर पाणी कधीही ओतू नका. कढई हलवू नका. गॅस बंद करा, कोरडं झाकण सरकवून ठेवा आणि कढई पूर्ण निवेपर्यंत ते उघडू नका.